तंजावरचे शेतमजूर : मताचा अधिकार मिळाला, तो वापरण्याची मोकळीक कशी मिळाली?

तंजावर : कावेरीच्या मुखाजवळचा हा भातशेतीचा प्रदेश मराठी वाचकांना भोसले घराण्याची गादी, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराचे मंदिर यांमुळे परिचित आहे. याच प्रदेशाला दुसराही एक इतिहास आहे. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या लाखो माणसांना राजकारणात स्वतःचा आवाज कसा मिळाला, याचा तो इतिहास आहे. वंचित मतदारांना सामावून घेणारी चळवळ उभी करणे म्हणजे नेमके काय, ती कोणत्या पायऱ्यांनी उभी राहते आणि कोठे अडते, याची तंजावरइतकी स्पष्ट उदाहरणे देशात थोडी आहेत.

आजचे तंजावर, तिरुवारूर, नागपट्टणम आणि मयिलादुतुरै हे जिल्हे पूर्वी मुख्यत्वे एकाच तंजावर जिल्ह्यात मोडत. १९९१ मध्ये नागपट्टणम वेगळा झाला, पुढे त्याच दशकात तिरुवारूर आणि २०२० मध्ये मयिलादुतुरै. २०११ च्या जनगणनेनुसार तिरुवारूर जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, नागपट्टणममध्ये ३१ टक्क्यांहून अधिक, तर तंजावरमध्ये सुमारे १९ टक्के होते. संपूर्ण तामिळनाडूत हे प्रमाण सुमारे २० टक्के आहे. संख्येच्या दृष्टीने हा समाज पूर्व भागात कधीच दुर्लक्षणीय नव्हता. तरीही दीर्घकाळ त्याला राजकारणात मोजले जात नव्हते.

मिरासदार, कूळ आणि पण्णैयाळ

या प्रदेशातील जमीनव्यवस्थेचे शब्द मराठी कानांना परके वाटत नाहीत. तंजावरच्या जमीनमालकाला मिरासदार म्हणत. महाराष्ट्रातील जुन्या दप्तरांत आढळणारा हाच शब्द येथेही रूढ होता. मिरासदार बहुधा ब्राह्मण किंवा वेल्लाळ, नायडू यांसारख्या वरच्या जातींतील असत. मोठ्या प्रमाणावर जमीन मंदिरांच्या आणि मठांच्याही ताब्यात होती. मिरासदारांच्या हाताखाली वाट्याने जमीन कसणारी कुळे असत. सर्वांत खाली पण्णैयाळ, म्हणजे मालकाशी बांधला गेलेला शेतमजूर. महाराष्ट्रातील सालगड्याशी त्याची तुलना करता येईल. मात्र सालगड्याचा करार निदान वर्षाचा असे. पण्णैयाळाचे नाते पिढ्यानपिढ्या चाले. कर्ज फिटत नसे आणि मालक बदलता येत नसे.

पण्णैयाळांत बहुसंख्य पल्लर आणि परैयर या दलित जातींतील होते. त्यांची वस्ती गावापासून दूर असे; तिला चेरी म्हणत. त्या वस्तीतील झोपडीखालची जमीनसुद्धा मालकाची असे. चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजणे या शिक्षा अनेक गावांत सर्रास दिल्या जात. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले, कालव्यांना अधिक भरवशाचे पाणी मिळू लागले. पण या पाण्याची समृद्धी चेरीपर्यंत पोहोचली नाही.

मतपेटीपासून दूर

स्वातंत्र्यापूर्वी या मजुराला मत नव्हतेच. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतिक निवडणुकांत मताचा अधिकार मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील सुमारे १४ टक्के लोकसंख्येलाच तो मिळाला. १९३२ च्या पुणे करारान्वये मद्रास प्रांताच्या विधानसभेत दलितांसाठी ३० जागा राखीव ठेवण्यात आल्या होत्या. परंतु ज्याच्या नावावर जमीन नाही, जो कर भरत नाही आणि ज्याला अक्षरओळख नाही, असा मजूर त्या राखीव जागेसाठीही मतदान करू शकत नव्हता. प्रतिनिधी त्याच्या जातीचा असे; मतदार मात्र तो स्वतः नसे.

राज्यघटनेने ही अट काढून टाकली. २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळाले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरात १७ कोटींहून अधिक मतदार नोंदले गेले. याच वेळी एक वेगळी अडचण पुढे आली. अमक्याची पत्नी किंवा तमक्याची आई, एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. या प्रामुख्याने उत्तर आणि मध्य भारतातील होत्या. अधिकार देणे आणि तो बजावता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच निवडणुकीत दिसून आले.

तंजावरात हा फरक आणखी तीव्र होता. मजुराची रोजी, घर आणि कर्ज या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती असतील, तर तो मत कोणाला देतो हा प्रश्न गुप्त मतदानाने पूर्ण सुटत नाही. मतदानाच्या दिवशी त्याला शेतावर अडकवून ठेवणे पुरेसे असते. म्हणूनच येथील चळवळीचा प्रारंभ निवडणूक प्रचारातून झाला नाही. तो चाबकाविरुद्ध झाला.

संघटनेची पायाभरणी

१९४३ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने बी. श्रीनिवास राव या कार्यकर्त्याला तंजावर जिल्ह्यात किसान सभा बांधण्यासाठी पाठविले. राव मूळचे कन्नडभाषक आणि जन्माने ब्राह्मण. तमिळ ते नंतर शिकले. मन्नारगुडी परिसरातील गावांत त्यांनी काम सुरू केले. ते चेरीत राहत, तेथेच जेवत. तत्कालीन तंजावरात ब्राह्मणाने चेरीत राहणे हीच मोठी राजकीय घटना होती.

त्यांच्या कामाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्या मागण्या सत्तेच्या नव्हत्या, जमिनीच्याही नव्हत्या. फटके बंद व्हावेत, शेणपाणी पाजणे थांबावे, धान्य मोजताना खरे माप वापरावे आणि मजुरी वाढावी, एवढेच मागणे होते. प्रत्येक घराला समजेल, पटेल आणि मिळाल्यास त्याच हंगामात अनुभवता येईल, अशी ही मागणी होती. १९४४ पासून अधिकाऱ्यांच्या मध्यस्थीने मिरासदारांशी काही करार झाले आणि या शिक्षा हळूहळू बंद पडू लागल्या. लेखी करारात मालक एका बाजूला आणि पण्णैयाळ दुसऱ्या बाजूला, हे दृश्य नवे होते.

चळवळीतील दुसरे लक्षणीय नाव मणलूर मणियम्मै यांचे. त्या ब्राह्मण कुटुंबातील विधवा होत्या. काँग्रेसच्या कामातून त्या पुढे कम्युनिस्ट पक्षात आणि शेतकरी चळवळीत आल्या. केस कापलेल्या, धोतर आणि सदरा घालणाऱ्या मणियम्मै गावोगाव फिरून शेतमजुरांच्या सभा घेत. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावर राजम कृष्णन यांनी तमिळमध्ये कादंबरी लिहिली आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे गोदावरी परुळेकर यांची आठवण होईल. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तलासरी, डहाणू भागात वारली आदिवासींनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. तेथेही प्रथम वेठ बंद करण्याची मागणी होती. मतांचे राजकारण नंतर आले. त्याआधी १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील कुळांचा मोर्चा मुंबईत नेला. त्या मोर्चात कुणबी आणि महार शेतकरी एकत्र चालले होते. जातीने विभागलेल्या पण हिताने जोडता येणाऱ्या गटांना एका मागणीखाली आणणे, हे या तिन्ही चळवळींचे समान सूत्र होते.

तंजावरच्या किसान सभेने कूळ आणि मजूर यांना एकत्र आणले. कुळे बहुतांशी सवर्ण शेतकरी जातींतील होती, मजूर दलित. दोघांचा मालक एक असला, तरी दोघे एका पंगतीला बसत नव्हते. मिरासदारांकडून कुळाचा वाटा वाढवून घ्यायचा असेल तर कापणीच्या वेळी मजुरांची साथ आवश्यक होती. मजुरीवाढीसाठी कुळांनी आडकाठी न करणे आवश्यक होते. या परस्परगरजेवर ही एकजूट उभी राहिली.

निवडणूक आणि चार महिन्यांतील वटहुकूम

पुढे कम्युनिस्ट पक्षावर मद्रास प्रांतात बंदी आली. कार्यकर्ते भूमिगत झाले, अनेकांना तुरुंगवास झाला. तरीही १९५२ च्या निवडणुकीत मद्रास विधानसभेच्या ३७५ जागांपैकी काँग्रेसला १५२ च जागा मिळाल्या आणि ६२ जागा जिंकून कम्युनिस्ट पक्ष मुख्य विरोधी पक्ष ठरला. पूर्व तंजावरातही त्या पक्षाला लक्षणीय यश मिळाले. त्या वेळी प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह चिकटवलेली स्वतंत्र पेटी असे आणि मतदार पडद्याआड जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकत असे. निरक्षर मतदाराला ही पद्धत सोयीची होती.

एप्रिल १९५२ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी मुख्यमंत्री झाले. कम्युनिस्टांना आपला पहिल्या क्रमांकाचा शत्रू मानणारे असे हे नेते होते. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्याच सरकारने तंजावरची कुळे आणि पण्णैयाळ यांना संरक्षण देणारा वटहुकूम काढला. पुढे त्याचे कायद्यात रूपांतर झाले. पण्णैयाळाला मनमानीने काढून टाकता येणार नाही, त्याची मजुरी ठरलेल्या दरापेक्षा कमी असणार नाही आणि कुळाला उत्पन्नाचा किमान दोनपंचमांश वाटा मिळेल, असे त्याचे मुख्य स्वरूप होते. हा कायदा राज्यातील एकाच जिल्ह्यासाठी होता, ही बाब बोलकी आहे. ज्या जिल्ह्यात मजूर संघटित होऊन मतदान करू लागला, त्याच जिल्ह्याची दखल सरकारने सर्वप्रथम घेतली. विरोधकाच्या मतदाराकडेही सत्ताधाऱ्याला दुर्लक्ष करता येत नाही, हा प्रौढ मताधिकाराचा परिणाम होता.

एकजुटीला पडलेली चीर

१९५५ आणि १९५६ मध्ये कूळसंरक्षण आणि रास्त खंड यांविषयीचे आणखी दोन कायदे मद्रास राज्यात झाले. कुळांची स्थिती सुधारली. त्यांतील काही हळूहळू स्वतः मालक झाले, मजूर लावू लागले. साहजिकच मजुरीवाढीच्या प्रश्नावर त्यांचे हित आता मजुरांच्या विरुद्ध गेले. चळवळीच्या यशातूनच चळवळीत दरी निर्माण झाली.

समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनी १९६१-६२ मध्ये तंजावर जिल्ह्यातील एका गावाचा अभ्यास केला. पूर्वी जात, जमीन आणि सत्ता या तिन्ही गोष्टी ब्राह्मणांच्या हाती एकवटल्या होत्या. आता सत्ता ब्राह्मणेतरांकडे सरकली आहे, असे त्यांना आढळले. संख्याबळ, पक्षाशी संबंध आणि पंचायत यांना महत्त्व आले होते. मात्र गावाच्या कारभारात आदिद्रविडांचा, म्हणजे दलितांचा, प्रभाव अजून अल्पच होता. बदल झाला होता, पण तो पायरीच्या मध्यावर थांबला होता.

याच काळात द्रविड चळवळीने ग्रामीण भागात मोठा विस्तार केला. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या द्रविड मुन्नेत्र कळघमने निवडणूक लढवावी की नाही, हा निर्णय १९५६ च्या तिरुच्चिरापल्ली अधिवेशनात उपस्थितांचे मत घेऊन केला. वाचनालये, नाटके, चित्रपट आणि साध्या तमिळमधील भाषणे यांतून त्या पक्षाने निम्न-मध्यम आणि मागास जातींना राजकारणात आणले. एम. करुणानिधी यांचा जन्म याच जुन्या तंजावर जिल्ह्यातील तिरुक्कुवळै गावचा. १९६२ मध्ये ते तंजावर मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. १९६७ मध्ये त्यांचा पक्ष सत्तेवर आला. परंतु चेरीतील मजुराचा प्रश्न या लाटेतही सुटला नव्हता, हे पुढच्याच वर्षी दिसले.

कीळवेण्मणी

१९६० च्या दशकात तंजावरची निवड सघन कृषी कार्यक्रमासाठी झाली. नवी बियाणी, खते आणि दुसरे पीक यांमुळे उत्पन्न वाढले. मजुरांनी त्यात वाटा मागितला. मालकांनी भातउत्पादकांची संघटना स्थापन केली आणि कापणीसाठी बाहेरून मजूर आणण्यास सुरुवात केली. मजुरांनी लाल झेंडा उतरवून मालकांच्या संघटनेत यावे, असा दबाव गावोगाव येऊ लागला.

२५ डिसेंबर १९६८ च्या रात्री नागपट्टणमजवळील कीळवेण्मणी गावातील दलित वस्तीवर हल्ला झाला. त्या संध्याकाळी झालेल्या संघर्षात मालकांच्या बाजूच्या एका माणसाचा मृत्यू झाला होता. हल्ल्यात घाबरून एका झोपडीत आश्रय घेतलेल्या ४४ जणांना जाळून मारण्यात आले. मृतांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. खालच्या न्यायालयाने १९७० मध्ये काही जमीनमालकांना दोषी ठरविले. १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. संपन्न जमीनदार स्वतः पायी जाऊन असे कृत्य करतील हे संभवनीय वाटत नाही, अशा आशयाचे निरीक्षण त्या निकालात होते. त्यावर पुढे अनेक वर्षे टीका होत राहिली. या घटनेची माहिती जगापुढे आणण्याचे मोठे काम मैथिली शिवरामन यांच्या लेखनाने केले.

कीळवेण्मणीचा अर्थ केवळ मजुरीच्या वादापुरता मर्यादित नाही. मजुरांनी कोणता झेंडा लावावा, कोणत्या संघटनेत असावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यामागचा प्रश्न होता. घटनेने दिलेले संघटनेचे स्वातंत्र्य चेरीच्या वेशीपर्यंत पोहोचले होते. वेशीच्या आत त्याची किंमत ४४ प्राणांनी मोजावी लागली.

पायाखालची जमीन

या हत्याकांडानंतर सरकारने गणपतिया पिल्लै आयोग नेमला आणि त्याच्या शिफारशींच्या आधारे १९६९ मध्ये शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा केला. १९७० मध्ये जमीनधारणेची कमाल मर्यादा ३० प्रमाण एकरांवरून १५ प्रमाण एकरांवर आणण्यात आली.

मात्र मतदाराच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचा कायदा १९७१ चा म्हणावा लागेल. या कायद्याने शेतमजूर आणि शेतकरी ज्या जागेवर झोपडी बांधून राहत होते, त्या जागेची मालकी त्यांना दिली. १९६१ च्या आधीच्या कायद्याने त्यांना हुसकावून लावण्यापासून संरक्षण दिले होते. आता घराची जागाच त्यांची झाली. वरवर पाहता हा गृहनिर्माणाचा विषय वाटतो. परंतु मालकाने उद्या झोपडी रिकामी करण्यास सांगितले तर जायचे कोठे, या भीतीपोटी ज्यांनी आयुष्यभर मान खाली घातली, त्यांच्यासाठी तो राजकीय अधिकार होता. घर स्वतःचे झाल्यावर माणूस संपात उतरू शकतो, सभेला जाऊ शकतो आणि मतदान कोणाला केले हे न सांगता राहू शकतो.

कीळवेण्मणीच्या घटनेनंतर सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन आणि त्यांच्या पत्नी कृष्णम्माळ या भागात आले. रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी जन्मलेल्या विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीत दोघांनी काम केले होते. कृष्णम्माळ स्वतः भूमिहीन दलित कुटुंबातील. १९८१ मध्ये त्यांनी लाफ्टी ही संस्था स्थापन केली. कसणाऱ्याला जमीन मिळवून देणे हे तिचे उद्दिष्ट. जमीनमालकांशी वाटाघाटी करून, बँकांचे कर्ज आणि सरकारी योजनांचा आधार घेऊन जमीन विकत घ्यायची आणि ती भूमिहीन कुटुंबांना द्यायची, अशी तिची पद्धत होती. या मार्गाने हजारो कुटुंबांना साधारण एकेक एकर जमीन मिळाली. जमिनीचा दस्त घरातील स्त्रीच्या नावे करण्याचा आग्रह हे या कामाचे वैशिष्ट्य. ज्या देशात पहिल्या मतदारयादीतून नाव न सांगितल्यामुळे लाखो स्त्रिया गळाल्या, त्याच देशातील एका कोपऱ्यात दलित स्त्रीचे नाव जमिनीच्या कागदावर प्रथम लिहिले गेले. या दांपत्याला २००८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. जगन्नाथन यांचे २०१३ मध्ये निधन झाले. कृष्णम्माळ यांना २०२० मध्ये पद्मभूषण जाहीर झाले.

खुर्ची आणि अधिकार

राखीव जागांची पद्धतही काळानुसार बदलत गेली. १९५२ आणि १९५७ मध्ये काही मतदारसंघ द्विसदस्य होते. तेथे एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव असे, व मतदाराला दोन मते देता येत. १९६१ मध्ये ही पद्धत रद्द होऊन एकसदस्य राखीव मतदारसंघ आले. नागपट्टणम हा लोकसभेचा राखीव मतदारसंघ असून तेथून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार अनेकदा निवडून आले. ४० च्या दशकातील संघटनेचा ठसा दीर्घकाळ टिकला, याचे ते द्योतक आहे.

७३ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९६ मध्ये तामिळनाडूत पंचायत निवडणुका झाल्या. अध्यक्षपदे आळीपाळीने अनुसूचित जाती आणि स्त्रिया यांच्यासाठी राखीव झाली. २०१६ मध्ये स्त्रियांचे आरक्षण एकतृतीयांशावरून निम्म्यावर नेण्याचा निर्णय झाला. पण निवडून येणे आणि कारभार करता येणे यांतील अंतर राज्यात वारंवार दिसले. मदुराई जिल्ह्यातील मेलवळवू येथे १९९७ मध्ये दलित पंचायत अध्यक्ष मुरुगेसन यांची हत्या झाली. त्याच जिल्ह्यातील पाप्पापट्टी आणि कीरिपट्टी येथे राखीव अध्यक्षपदाची निवडणूक सुमारे दहा वर्षे सुरळीत होऊ दिली गेली नाही. ती २००६ मध्ये झाली. २०२० मध्ये कडलूर जिल्ह्यात एका दलित महिला अध्यक्षाला बैठकीत जमिनीवर बसविल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनी दलित अध्यक्षांना ध्वजारोहण करता यावे याची खबरदारी घेण्याच्या सूचना राज्याच्या मुख्य सचिवांना द्याव्या लागल्या.

आशादायक उदाहरणेही आहेत. मार्च २०२२ मध्ये तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम महानगरपालिकेचे पहिले महापौर म्हणून ऑटोरिक्षा चालविणारे के. सरवणन यांची निवड झाली. द्रविड मुन्नेत्र कळघमने हे पद मित्रपक्ष काँग्रेसला सोडले होते. सामान्य कार्यकर्त्याला मोठे पद मिळण्यासाठी मोठ्या पक्षाने जागा सोडावी लागते, हे त्यातून दिसते.

नवे अडथळे

चाबूक गेला, तरी मतदारापुढील अडथळे संपले नाहीत. त्यांचे रूप बदलले. मे २०१६ मध्ये मतदारांना पैसे वाटले गेल्याच्या कारणावरून निवडणूक आयोगाने तंजावर आणि अरवकुरिची या दोन विधानसभा मतदारसंघांतील निवडणूक प्रक्रिया रद्द केली. तेथे मतदान त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये झाले. पूर्वी मत भीतीने बांधले जाई. आता ते पैशाने बांधण्याचा प्रयत्न होतो. दोन्हींत मतदाराचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज उरत नाही.

दुसरा अडथळा मतमोजणीतील आहे. केंद्रनिहाय आकडे जाहीर होत असल्याने एखाद्या लहान वस्तीने कोणाला मत दिले, याचा अंदाज बांधता येतो. अनेक यंत्रांतील मते एकत्र मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. २०१५ मध्ये विधी आयोगानेही त्याला पाठिंबा दिला. चेरीसारख्या वस्त्यांसाठी हा तांत्रिक तपशील नसून सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

तिसरा प्रश्न स्थलांतराचा. यंत्राने कापणी होऊ लागल्यावर आणि कावेरीचे पाणी बेभरवशाचे झाल्यावर या भागातील अनेक मजूर कामासाठी तिरुप्पूर, चेन्नई आणि इतर शहरांकडे वळले. त्यांचे नाव गावाच्या यादीत राहते आणि मतदानाच्या दिवशी माणूस दूर असतो. गाव सोडलेल्या मतदारांना कामाच्या ठिकाणाहून मत देता यावे यासाठी आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे एका यंत्राचा नमुना ठेवला. अनेक पक्षांनी त्यावर शंका उपस्थित केल्या. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचा प्रश्नही याच जातीचा आहे.

तंजावर काय सांगते?

या आठ दशकांच्या वाटचालीतून काही गोष्टी स्पष्ट होतात. वंचित मतदार राजकारणाबद्दल उदासीन असतो, ही समजूत तंजावरने खोटी ठरविली आहे. संघटना दारात आली आणि तिने रोजच्या जगण्यातील प्रश्न हाती घेतला, तेव्हा तो मोठ्या धैर्याने पुढे आला. दुसरे, ज्याची रोजी आणि निवारा दुसऱ्याच्या हाती आहे, त्याला केवळ मतदार ओळखपत्र देऊन भागत नाही. मजुरीचा कायदा, घराची जागा आणि जमिनीचा तुकडा हे मताधिकाराचेच भाग ठरतात.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. व्यापक एकजूट बांधणे शक्य असते, ती टिकविणे कठीण. कुळांचे प्रश्न सुटले आणि मजूर मागे राहिले. ब्राह्मणेतरांना सत्ता मिळाली आणि दलितांना पंचायतीत बसायला जागा मिळण्यासाठी आणखी काही दशके जावी लागली. प्रत्येक टप्प्यावर ज्यांना आधी मिळाले, त्यांनी मागे वळून पाहिले की नाही, यावर चळवळीचे सर्वसमावेशकत्व ठरले.

कीळवेण्मणीत दरवर्षी २५ डिसेंबरला मृतांच्या स्मारकापाशी शेतमजूर आणि कार्यकर्ते जमतात. त्यांच्यापैकी अनेकांची घरे आज त्यांच्या स्वतःच्या नावावर आहेत. त्यांच्या मागण्यांच्या यादीत मात्र मजुरी, जमीन आणि सन्मानाची वागणूक हे जुने शब्द अजूनही आहेत. निवडणुकीत त्यांच्या दारी येणाऱ्या प्रत्येक पक्षाला या शब्दांना उत्तर द्यावे लागते, ही गेल्या आठ दशकांची कमाई आहे. ते उत्तर निवडणुकीनंतरही टिकते की नाही, हा प्रश्न मात्र पुढच्या पिढीकडे आला आहे.